दोन बोटांचा बँजो

शरयूमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी अप्पर हटच्या स्टेशनवर वेलिंग्टनच्या गाडीची वाट पाहत उभी होते. पानगळ नुकती सुरू झाली होती, हवेत पहिला बोचरा गारवा होता आणि मी घरातून हातमोजे न घेता निघाल्याबद्दल स्वतःवर चिडले होते. पडद्यावर ट्रेव्हरचं नाव पाहिलं तेव्हाच काहीतरी वाईट घडलंय हे कळलं. ट्रेव्हर फोन करणाऱ्यांतला माणूस नाही. पामर्स्टन नॉर्थला राहतो, पासष्टीचा आहे, आयुष्यभर मेंढ्यांची लोकर उतरवण्याचं काम केलं आणि हौस म्हणून माणसाच्या उंचीचं डबल बास नावाचं तंतुवाद्य वाजवतो. त्याला माझ्या नावातला ‘त’ कधीच जमला नाही. “केटकी,” तो म्हणाला, “आपली शरयू गेली. काल दुपारी. बागेत कुंड्यांची माती बदलत होती. शेजारीण भिंतीवरून बोलत होती तिच्याशी, आणि बोलता बोलता...” पुढे तो थांबला. गाडी आली, दारं उघडली, मिटली, गाडी निघून गेली. फोन दोघांच्याही कानाला तसाच होता. शेवटी तोच म्हणाला, “काही त्रास झाला नाही म्हणे. हार्ट. एका क्षणात.” आणि मग, जणू मलाच धीर द्यायला हवा असं वाटून, “हातात खुरपं होतं तिच्या.”

महाराष्ट्रात शरयूमावशीचं नाव कुणी ऐकलेलं असण्याचं कारण नाही. इथे न्यूझीलंडमध्येसुद्धा मराठी मंडळाच्या गणपतीला ती एका बाजूला बसून मोदक खाऊन घरी जायची. पण पामर्स्टन नॉर्थच्या आसपासच्या गावांत, गॅरेजांत, शाळांच्या हॉलमध्ये जी मंडळी अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातून आलेलं ब्लूग्रास नावाचं संगीत वाजवतात, त्यांना तिचं नाव माहीत नाही असं होत नाही. त्या भागात पाच तारांचा बँजो हातात घेऊन स्टेजवर उभी राहिलेली ती पहिली बाई. नंतर ज्या कुणी वाजवायला लागल्या त्यांतल्या बहुतेकींना तिनंच शिकवलं. पुष्कळ पुरुषांनाही. तिचं पोट भरायचं काम मात्र वेगळं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती रक्त काढायची, तीस वर्षं. “या गावातल्या निम्म्या लोकांची तोंडं मला आठवत नाहीत,” ती म्हणायची, “पण बाही वर केली की ओळखते. हात पाहिला की नाव आठवतं.”

मी तिला पहिल्यांदा भेटले ती भाडेकरू म्हणून. फूड टेक्नॉलॉजी शिकायला पुण्याहून आले होते, विद्यापीठाजवळची खोली परवडेना, तेव्हा कुणीतरी सांगितलं की एक मराठी बाई एकट्या राहतात, खोली देतात. नवरा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. तो मातीचा शास्त्रज्ञ. त्याच्या नोकरीमुळेच दोघं लग्नानंतर लगेच इथे आलेले. मुलगी गौरी ख्राइस्टचर्चला इंजिनीअर. दार उघडून मावशीनं माझी बॅग स्वतः आत घेतली आणि म्हणाली, “मावशी म्हणणार असशील तर अहो-जाहो करू नकोस. आणि सकाळी सहाला गॅरेजमधून आवाज आला तर घाबरू नकोस. मी असते.” दुसऱ्या दिवशी खरंच आवाज आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसे सूर, एकामागोमाग एक, इतके भरभर की मोजता येईनात. मी अंगावर शाल ओढून गेले. मावशी स्टुलावर बसलेली, मांडीवर गोल, ढोलकीसारखं कातडं ताणून बसवलेलं वाद्य, उजव्या हाताच्या तीन बोटांत तारा छेडायच्या नख्या.

“मावशी, हे काय आहे?”

“बँजो.”

“बेंजो? गणपतीतला?”

ती हसायला लागली ती थांबेना. डोळे पुसून म्हणाली, “अगं, मीसुद्धा हेच म्हटलं होतं!” आणि तिथेच, त्या थंड गॅरेजमध्ये, तिनं मला तिची सगळी गोष्ट सांगितली. कल्याणला तिच्या वडिलांची बेंजो पार्टी होती. दिवसा ते छापखान्यात खिळे जुळवायचे, आणि लग्नसराईत, गणपतीत टेम्पोवर बसून बेंजो वाजवायचे. आपल्याकडे बेंजो म्हणतात ते म्हणजे टाइपरायटरसारख्या पट्ट्या दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, सोबत ताशा, ढोल आणि कर्णा. अण्णा कामावर गेले की शरयू तो बेंजो खाली काढायची, आवाज होऊ नये म्हणून तारांवर रुमाल टाकायची आणि ऐकलेली सगळी गाणी वाजवायची. सोळाव्या वर्षी एका लग्नाच्या दिवशी पार्टीतला दुसरा बेंजोवाला आजारी पडला. तिनं धीर करून म्हटलं, अण्णा, मी वाजवते. अण्णांना ती वाजवते हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी तिथेच बसवून तिच्याकडून दोन गाणी वाजवून घेतली, नीट ऐकली, आणि म्हणाले, “हात चांगला आहे तुझा. पण मुलीनं टेम्पोवर चढायचं नसतं.” बेंजो कापडात गुंडाळून वर गेला. “ओरडले असते तर बरं झालं असतं,” मावशी म्हणाली. “चांगला आहे म्हणाले ना, ते जास्त लागलं.”

इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, दूध आणायला गेलेली असताना तिला काचेवर एक चिठ्ठी दिसली: बँजो विकणे आहे. तिला वाटलं, आपलाच बेंजो! एवढ्या लांब! पत्ता शोधत सायकलवर गेली. एका म्हाताऱ्या माणसानं पेटी उघडली तर आत तव्याला दांडा लावल्यासारखं काहीतरी. नको म्हणायला तिला इंग्रजी पुरेना आणि धीरही होईना. मग त्या माणसानं एक गत वाजवून दाखवली. तिच्या लक्षात आलं की चार तारा सूर बदलतात, पण पाचवी, आखूड तार आहे ती तंबोऱ्याच्या षड्जासारखी एकाच सुरावर मधूनमधून बोलत राहते. “ती तार ऐकली,” मावशी म्हणाली, “आणि मला एकदम वाटलं, या देशात राहता येईल.” नवऱ्यानं घरी आल्यावर ते प्रकरण पाहून विचारलं, परत देता येईल ना? ती म्हणाली, राहू दे. पुढची दोन वर्षं ती रेकॉर्ड अर्ध्या वेगानं लावून, एकेक सूर वेचून शिकली. शिकवायला कुणी नव्हतं.

ब्लूग्रासवाल्यांच्या क्लबातल्या पहिल्या दिवसाची गोष्ट मला ट्रेव्हरनं सांगितली. तो तेव्हा विशीतला होता आणि दारापाशीच उभा होता. दर महिन्याला एका हॉलमध्ये ही मंडळी जमायची. बायकांनी काहीतरी खायला करून आणायचं, पुरुषांनी वाजवायचं. मावशी एका हातात बटाटेवड्यांचा डबा आणि दुसऱ्या हातात बँजोची पेटी घेऊन आत आली. दारावरच्या गृहस्थानं दोन्हींकडे पाहिलं आणि फार प्रेमानं म्हटलं, “किचन तिकडे आहे, डिअर.” मावशी किचनमध्ये गेली, डबा ठेवला, हात धुतले, बाहेर आली आणि रिकाम्या खुर्चीत बसून पेटी उघडली. “नवऱ्याचा आहे वाटतं,” कुणीतरी म्हणालं. मग तिनं वाजवलं. ट्रेव्हर सांगायचा, “वडे संपेपर्यंत कुणी बोललं नाही.” तरी स्टेजवर उभं राहायला तिला पुढे सहा वर्षं लागली. दर वर्षी क्लबाचं उत्तर एकच, पुढच्या वर्षी नक्की. सातव्या वर्षी ती हॉलच्या बाहेर, गाड्या लावतात तिथे उभी राहून वाजवायला लागली, आणि आतली माणसं एकेक करून खुर्च्या घेऊन बाहेर आली. त्यानंतर तिला कुणी थांबवलं नाही.

मी शिकून बाहेर पडले, वेलिंग्टनला नोकरी लागली, अप्पर हटला घर घेतलं. तरी दर दोन-तीन महिन्यांनी पावणेदोन तास गाडी हाकून मावशीकडे जाणं चुकलं नाही. आई पुण्यात होती. इथे आजारपण, भांडण, प्रमोशन, सगळं सांगायला मावशी होती. आणि मग पाच वर्षांपूर्वी तिचा अपघात झाला. पामर्स्टन नॉर्थचा वारा ज्यानं अनुभवला नाही त्याला सांगून कळायचं नाही. निवृत्त व्हायला दोनच महिने राहिले होते, कामावरून सायकलवर परत येताना वळणावर तिला वाऱ्यानं अक्षरशः उचलून टाकलं. उजवं मनगट तीन ठिकाणी मोडलं. डॉक्टरांनी करण्यासारखं होतं ते सगळं केलं, हाड जुळलं, पण मधलं बोट स्वतंत्रपणे हलेना. पेला धरता यायचा, भाजी चिरता यायची. बँजो वाजवता येत नव्हता, कारण तीन बोटांनी वाजवायच्या वाद्याला तिसरं बोट लागतं. सहा महिने तिनं रोज प्रयत्न केला. मग एक दिवस मी गेले तर गॅरेजमध्ये टोमॅटोची रोपं होती. “बँजो?” मी विचारलं. “माळ्यावर,” ती म्हणाली. “वर टाकायची सवय आमच्या घरात आहेच.” त्यावर ती हसली, पण मला हसता आलं नाही. क्लबात जाणंही तिनं बंद केलं. लोकांना सांगायची, बागेचा नाद लागलाय.

दोन वर्षं अशी गेली. मग ट्रेव्हर माझ्या मागे लागला. क्लबाच्या मंडळींना मावशीच्या सन्मानार्थ उन्हाळ्यात, नदीकाठच्या मैदानावर, उघड्यावर मोठा कार्यक्रम करायचा होता. आसपासच्या गावांतले सगळे वादक येणार होते. मावशी ट्रेव्हरचा फोन घेत नव्हती. “तू बोल,” तो म्हणाला, “तुमच्या भाषेत बोल.” मी गेले, आणि आमच्या भाषेत आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“जिवंत माणसाला हार घालून खुर्चीत बसवायचं आणि बाकीच्यांनी वाजवायचं,” मावशी म्हणाली. “त्यापेक्षा फोटोच लावा ना माझा. उदबत्ती मी आणून देते.”

“मावशी, लोक प्रेमानं करतायत.”

“प्रेमानंच करतायत गं! ते मला किचनमध्येसुद्धा प्रेमानंच पाठवत होते.”

मी काय बोलायला हवं होतं ते मला आजही माहीत नाही. जे बोलले ते असं होतं: “तीस वर्षं तू लोकांना सांगत आलीस, मूठ वळा, घाबरू नका, एक क्षण दुखेल. आणि स्वतःची मूठ तुला उघडवत नाही.” ओट्यावरचं पुसून झालेलं फडकं तिनं पुन्हा पिळलं आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “तू जा आता, केतकी. उजेड आहे तोवर नीघ.” घाटातून परत येताना मी दोनदा गाडी बाजूला घेऊन थांबले. ज्या बाईनं मला या देशात उभं केलं तिला मी तिच्याच घरात दुखावून आले होते.

तीन आठवडे तिचा फोन नाही. मी केलेला तिनं घेतला नाही. मग एका रविवारी दुपारी व्हॉट्सॲपवर तिचा आवाजी मेसेज आला, पाऊण मिनिटाचा. त्यात शब्द नव्हते. बँजो होता. अतिशय सावकाश, लंगडत, मधे अडखळत, पण पाचवी तार मात्र दर ठोक्याला न चुकता. मी तो मेसेज स्वयंपाकघरात उभी राहून चार वेळा ऐकला आणि फोन केला. “रागानं काढला माळ्यावरून,” मावशी म्हणाली. “तुला खोटं पाडायला. म्हटलं रेकॉर्ड करून पाठवते, बघ, येत नाही म्हणून. तर अंगठा आणि पहिलं बोट आपलं आपलं चालायला लागलं.” अशी एक जुनी पद्धत आहे हे तिला माहीत होतं. तीन बोटांची धावती शैली यायच्या आधी खेड्यांतली माणसं दोनच बोटांनी वाजवायची. नंतर ते मागे पडलं. “तीन बोटांनी गाणं पळतं, दोन बोटांनी चालतं,” ती म्हणाली. “चालू दे की. मला कुठे गाडी पकडायचीय?”

कार्यक्रमाला तिनं होकार दिला, पण अटी घातल्या. भाषण नाही. हार नाही. खुर्ची नाही. आणि ट्रेव्हरला निक्षून सांगितलं, “खाण्याचं मी काहीएक करणार नाही.” तो अख्खा हिवाळा ती चाळीस वर्षांचं विसरून पुन्हा पहिलीत बसली. मी एक शनिवार आड जायचे. गॅरेजमध्ये छोटा हीटर, मनगटावर गरम पाण्याची पिशवी, दहा मिनिटं वाजवणं, पाच मिनिटं थांबणं. जुन्या सवयीनं मधलं बोट हलायचा प्रयत्न करायचं आणि सगळा ताल विस्कटायचा. तेव्हा ती त्या बोटाला, “बस खाली, तुझं नाव नाही पुकारलं,” असं दटावायची. कार्यक्रमाच्या महिनाभर आधी मनगट सुजलं. त्या शनिवारी तिनं पिशवी बाजूला ठेवली आणि मला विचारलं, “तिथे मधेच थांबले तर?” मी म्हटलं, “तर थांबशील.” ती पिशवी पुन्हा मनगटावर ठेवत म्हणाली, “हो... थांबेन. त्यात काय.” मला वाटतं, ती खरी तयार झाली ती त्या क्षणी.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि वारा सुटलेला होता. नदीकाठच्या गवतावर तीनेकशे माणसं, घडीच्या खुर्च्या, चिलीबिन म्हणतात ते बर्फाचे डबे, पायांत जँडल्स म्हणजे रबरी चपला, आणि जवळजवळ प्रत्येक कुटुंबात कुणाच्या तरी हातात एखादं वाद्य. स्टेज म्हणून ट्रेव्हरनं पुतण्याचा उघडा ट्रक आणून लावला होता. मेंढ्या नेणारा तो ट्रक त्यानं दोनदा धुतला होता, तरी मेंढ्या पूर्ण गेल्या नव्हत्या. गौरी ख्राइस्टचर्चहून आली होती. आईनं सांगितलेला “छोटासा कार्यक्रम” पाहून ती जागच्या जागी उभी राहिली. “आई, हे सगळे तुझ्यासाठी?” तिनं इंग्रजीत विचारलं. “वारा खायला आलेत,” मावशी मराठीत म्हणाली. साधी पँट, निळा कुडता, केस घट्ट बांधलेले. ट्रकला लावलेल्या लाकडी पायऱ्यांपाशी ती थबकली. मी तिचा हात धरला.

“अण्णांनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते गं?”

“काय म्हणाले असते?”

तिनं पायऱ्या निरखल्या. “म्हणाले असते, फळी नीट ठोकली नाहीये.” आणि ती चढली.

पहिली गत चांगली झाली. ती संथच होती, कुणाला काही कळलंही नसेल. दुसरी मात्र सगळ्यांच्या ओळखीची, धावती. मँडोलीन, फिडल, गिटार, सगळ्यांचे हात वर्षानुवर्षांच्या सवयीनं पळायला लागले. मावशी काही वेळ मागून धावली. मग तिचे सूर तुटायला लागले, आणि एका वळणावर तिनं हात तारांवरून काढून घेतला. वाजवणारे गोंधळून एकेक करून थांबले. नुसता वारा मायक्रोफोनमध्ये घोंघावत राहिला. गौरीनं माझं कोपर इतकं घट्ट पकडलं की नखं रुतली. मागून कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, त्या धीर द्यायच्या टाळ्या असतात ना, तशा. मावशीनं हात वर केला. “अजून नको,” ती इंग्रजीत म्हणाली. “अजून झालेलं नाहीये.” मग ती ट्रेव्हरकडे वळली. “पुन्हा. माझ्या चालीनं.”

ट्रेव्हरनं बासवर एक सूर दिला. मग बऱ्याच वेळानं दुसरा. इतका सावकाश की मला वाटलं, पुढचा येतच नाही. मावशी त्या चालीत शिरली, अंगठा आणि एक बोट. जी गत पाय थिरकवण्यासाठी सगळ्यांना ठाऊक होती, तिच्या आत एवढी आर्त चाल दडलेली आहे हे त्या वेगात कधी कुणाला ऐकूच आलं नव्हतं. टाळ्यांचा ठेका धरायला कुणाला जमेना, म्हणून लोक गुणगुणायला लागले. आधी पुढचे, मग अगदी नदीपर्यंतचे. मी संगीतातली नाही. मला एवढंच सांगता येईल की माझ्या शेजारच्या खुर्चीतला थोराड म्हातारा शेतकरी आपली टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसला होता, आणि त्याच्या एका हाताला दोन बोटं नव्हती. तिसरी गत सुरू करण्याआधी मावशीनं गवतावरच्या सगळ्यांना वाद्यं काढायला सांगितली. तिनं शिकवलेल्या कितीतरी जणी होत्या, त्यांच्या मुली होत्या. सगळं मैदान तिच्या चालीनं वाजलं. संपल्यावर तीच म्हणाली, “आता वाजवा टाळ्या.”

तो शेतकरी पुढे येऊन ट्रकपाशी उभा राहिला. नाव ॲलन. तीस वर्षांपूर्वी गवताच्या गाठी बांधायच्या यंत्रात बोटं गेली, तेव्हापासून गिटार पलंगाखाली. “तेवढी तर माझ्याकडेही आहेत,” तो मावशीला म्हणाला, आपला तीन बोटांचा हात पुढे करून. मावशीनं तो हात दोन्ही हातांत घेऊन उलटसुलट करून पाहिला, लॅबमध्ये पाहायची तसा, आणि म्हणाली, “शनिवारी दहाला ये. गिटार नको आणू, बँजो मी देईन.” पुढच्या शनिवारी ॲलनबरोबर संधिवात झालेली एक कुंभारकाम करणारी बाई आली. महिन्याभरानं एक शिक्षक, ज्याचा उजवा हात पक्षाघाताच्या झटक्यानंतर पुरता उघडत नव्हता. गॅरेजमधले टोमॅटो बाहेर गेले. क्लबानं जुने बँजो दुरुस्त करून दिले. बारा-तेरा माणसं, सगळ्यांचे हात कुठे ना कुठे अडलेले, आणि मध्ये मावशी: “जे बोट आहे त्याला काम द्या. जे नाही त्याची माफी मागत बसू नका.” तिला मी ओळखत होते त्या सगळ्या वर्षांत ती एवढी खुशीत मी पाहिली नव्हती. बँजोतली पहिली बाई म्हणून कुणी कौतुक केलं की ती विषय बदलायची. या वर्गाबद्दल विचारलं की तासभर सांगायची. दोन वर्षं तिला ते मिळालं. कमी होती, पण पुरेपूर होती.

अंत्यसंस्कारात गौरी आईबद्दल इंग्रजीत बोलली आणि शेवटी, लहानपणानंतर पहिल्यांदाच बहुधा, मराठीत एक वाक्य म्हणाली: “आई, हात चांगला होता तुझा.” ती गोष्ट आईनं तिलाही सांगितली होती हे मला तेव्हा कळलं.

परवा, तीन आठवड्यांनी, मी गौरीला आवराआवरीला मदत करायला गेले. पहिल्या दिवशी आम्ही कपाटं रिकामी केली, कपडे वेगळे केले. घर भाड्यानं द्यायचं तिनं ठरवलंय, गॅरेज सोडून. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी आम्ही चहा घेत असताना बाहेर एक गाडी थांबली, मग दुसरी. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. ॲलन, कुंभारीण, मास्तर, सगळे आपापला बँजो घेऊन आत आले, हीटर लावला, खुर्च्या मांडल्या. ट्रेव्हर बास ओढत आणताना मला पाहून माओरीत नमस्कार म्हणून फक्त “किया ओरा” म्हणाला आणि नजर चुकवून सूर लावायला लागला. पहिला अर्धा तास फार वाईट वाजलं. कुणालाच कुणाची चाल सापडेना. पण कुणी उठलं नाही.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. उजव्या मनगटाला पट्टा, चेहऱ्यावर चुकीच्या ठिकाणी आल्याची भीती. दोन वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचं कुणीतरी तिला आता सांगितलं होतं. मावशी गेल्याचं तिला माहीत नव्हतं. “सॉरी,” ती म्हणाली, “शरयू शिकवतात ते इथेच का?”

गौरीनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रेव्हरकडे. बाहेर वाऱ्यानं कुंड्या खडखडत होत्या.

ॲलन उठला. भिंतीवरचा एक बँजो त्यानं आपल्या तीन बोटांच्या हातानं खाली काढला, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि म्हणाला, “हो, इथेच. बस. दाखव बघू हात.”